५३७ मतं आणि ३६ दिवस : फ्लोरिडा २००० चं प्रकरण

२००० सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल गोर यांना देशभरात ५ कोटी ९ लाख ९९ हजार ८९७ मतं पडली आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना ५ कोटी ४ लाख ५६ हजार २. गोर ५ लाख ४३ हजार ८९५ मतांनी पुढे होते. तरीही २० जानेवारी २००१ ला शपथ घेतली ती बुश यांनी.

हे सांगितलं की ऐकणारा बहुतेक वेळा म्हणतो, "हां, तिथं इलेक्टोरल कॉलेज असतं ना, म्हणून." खरं आहे, पण अर्धंच. मतपत्रिका कोण छापतं, मोजतं कोण, किती दिवसांत मोजून संपवायचं आणि भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा, हे उरलेलं अर्धं उत्तर. एरवीच्या निवडणुकीत या गोष्टींकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण फरक लाखांत असतो आणि सगळ्या चुका त्यात बुडून जातात. फ्लोरिडात फरक ५३७ मतांचा होता. त्यामुळे त्या ३६ दिवसांत व्यवस्थेचा प्रत्येक सांधा उघडा पडला. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो : फ्लोरिडाचा निकाल शेवटी कॅलेंडरने लावला. तो कुणा एकाच्या लबाडीमुळे लागला असं मी म्हणत नाही. अमेरिकी व्यवस्थेत मोजणी अपुरी राहिलेली चालते, तारीख चुकलेली चालत नाही. बाकी सगळं यातून येतं.

म्हणायची एक निवडणूक, होतात ५१

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी देशव्यापी मोजणी होतच नाही. ५० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. अशा ५१ वेगवेगळ्या निवडणुका एकाच दिवशी होतात. मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण कायद्याच्या भाषेत तो त्या उमेदवाराच्या पक्षाने आधीच ठरवलेल्या इलेक्टर मंडळींना निवडत असतो; पुढे अध्यक्ष निवडतात ते हे इलेक्टर, आणि त्यांचंच एकत्रित नाव इलेक्टोरल कॉलेज. राज्याचे प्रतिनिधीगृहात जितके सदस्य, अधिक दोन सिनेटर, तितके त्याचे इलेक्टर. एकूण ४३५ आणि १००, शिवाय २३ व्या घटनादुरुस्तीने राजधानीला दिलेले ३. बेरीज ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे राज्यात एका मताने का होईना जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

हे इलेक्टर नेमायचे कसे? घटनेचं दुसरं कलम म्हणतं, राज्याचं विधिमंडळ ठरवेल तसे. लोकांनी मतदान करूनच नेमावेत असं घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. सुरुवातीच्या काळात अनेक राज्यांत विधिमंडळच इलेक्टर निवडायचं. साउथ कॅरोलिनात हा प्रकार १८६० पर्यंत चालला. ही फक्त इतिहासाची नोंद वाटेल, पण डिसेंबर २००० मध्ये हेच वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आलं, ते पुढे येईलच.

आता २००० चं गणित. फ्लोरिडा बाजूला ठेवलं तर गोर यांच्या पदरात २६७ इलेक्टर होते, बुश यांच्याकडे २४६. फ्लोरिडाचे २५. तिथं जो जिंकेल तो अध्यक्ष.

त्याच निवडणुकीत न्यू मेक्सिकोत गोर फक्त ३६६ मतांनी जिंकले. फ्लोरिडापेक्षाही चुरशीची लढत! पण त्या राज्याचे इलेक्टर ५ आणि ते इकडून तिकडे गेले असते तरी फ्लोरिडाशिवाय कुणाचंच २७० भरत नव्हतं. त्यामुळे न्यू मेक्सिकोच्या मतपत्रिका कुणी भिंगाखाली धरल्या नाहीत. उलट न्यू हॅम्पशायरचे ४ इलेक्टर गोर यांना मिळाले असते तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. तिथं ते सुमारे ७,२०० मतांनी हरले. स्वतःचं राज्य टेनेसी, ११ इलेक्टरांचं, तेही त्यांनी गमावलं. एकाच देशातल्या दोन मतदारांच्या मताचं वजन ते कुठं राहतात यावर किती बदलतं, हे पाहायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

६७ काउंट्या, ६७ पद्धती

आपल्याकडे मतपत्रिका कशी असावी, यंत्र कोणतं, मोजणीचे नियम काय, हे भारत निवडणूक आयोग ठरवतो. गडचिरोलीतल्या केंद्रावर आणि कुलाब्यातल्या केंद्रावर पद्धत एकच असते. अमेरिकेत असा देशव्यापी आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचं काम प्रचाराचा पैसा तपासण्याचं. प्रत्यक्ष निवडणूक राज्याच्या कायद्याखाली काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, कार्यालय घेतं. फ्लोरिडात ६७ काउंट्या. त्या वर्षी काही ठिकाणी पंच कार्ड (छिद्र पाडून मत द्यायचं कार्ड) होतं, काही ठिकाणी ऑप्टिकल स्कॅन, एका काउंटीत लीव्हरचं जुनं यंत्र, तर एका काउंटीत साध्या कागदावरची मतं हाताने मोजत होते. ज्या काउंट्यांत स्कॅनर मतदान केंद्रातच ठेवला होता आणि चुकलेली मतपत्रिका परत बाहेर टाकत होता, तिथं मतदाराला चूक दुरुस्त करता येत होती. पंच कार्डवाल्याला मात्र आपलं मत बाद झालं हे कधी कळतच नव्हतं.

पाम बीच काउंटीची मतपत्रिका जवळून पाहण्यासारखी आहे. अध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. निवडणूक पर्यवेक्षक थेरेसा लेपोर यांच्यापुढे प्रश्न होता की दहा नावं एका पानावर बसवायची तर अक्षर बारीक होणार, आणि काउंटीत वयस्कर मतदार पुष्कळ. म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि छिद्रांची रांग मधोमध ठेवली. डाव्या पानावर पहिलं नाव बुश यांचं, दुसरं गोर यांचं. उजव्या पानावर पहिलं नाव रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन यांचं. छिद्रं आलटून पालटून दोन्ही पानांची : पहिलं बुश, दुसरं ब्युकॅनन, तिसरं गोर. डावीकडे नाव दुसरं, पण छिद्र तिसरं. शेजारी बाण होते, हे खरं. पण केंद्रावर रांग लागलेली असताना, यंत्रात थोडी तिरकी बसलेली ती पुस्तिका समोर असताना दुसऱ्या नावासाठी दुसरं छिद्र दाबणारा मतदार मूर्ख ठरत नाही.

ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०० च्या वर मतं पडली. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये ८०० च्या आसपास, कितीतरी मोठ्या मायामी-डेडमध्ये ६०० हूनही कमी. ही मतं बहुधा माझी नाहीत, हे खुद्द ब्युकॅनन यांनी टीव्हीवर सांगितलं. ज्यांना चूक लगेच लक्षात आली त्यांनी गोर यांचंही छिद्र दाबलं आणि मत बाद झालं. एकापेक्षा जास्त छिद्रं पडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका या एका काउंटीत १९ हजारांहून अधिक निघाल्या. त्यांतल्या ५ हजारांहून अधिक गोर आणि ब्युकॅनन या जोडीच्या. सगळ्या राज्याचा फरक ५३७.

लेपोर तेव्हा गोर यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात नोंदलेल्या होत्या. नमुना मतपत्रिका आधी घरोघरी गेली होती, दोन्ही पक्षांच्या लोकांनी पाहिली होती, कुणी हरकत घेतली नाही. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. ज्या व्यवस्थेत एका काउंटीतल्या एका अधिकाऱ्याची मांडणी कुठल्याही चाचणीशिवाय थेट लाखो लोकांसमोर जाते, दोष त्या व्यवस्थेचा आहे. आणि एकदा ती गेली की दुरुस्ती नाही : पुन्हा मतदान घ्या ही मागणी न्यायालयांनी फेटाळली. इलेक्टर निवडण्याचा दिवस देशभर एकच, असं कायदा सांगतो.

जॅक्सनव्हिलच्या डुवाल काउंटीत आणखी एक घोळ होता, पण त्याची चर्चा खूप कमी झाली. तिथं अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं एकामागोमाग दोन पानांवर होती, आणि नमुना मतपत्रिकेवरची सूचना होती की प्रत्येक पानावर मत द्या. सूचना पाळणाऱ्याचं मत बाद! अशी २० हजारांहून अधिक मतं गेली, त्यात कृष्णवर्णीय वस्त्यांमधली फार. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने पुढच्या वर्षी काढलेल्या निष्कर्षानुसार फ्लोरिडात कृष्णवर्णीय मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहापट होती. चॅडच्या, म्हणजे पंच कार्डातून पडणाऱ्या तुकड्यांच्या, गाजलेल्या किश्शांपेक्षा या प्रकरणातला हा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो.

ती रात्र

७ नोव्हेंबरला संध्याकाळी आठ वाजायच्या आत टीव्ही वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं. राज्याचा पश्चिमेकडचा पट्टा एक तास मागच्या वेळेवर चालतो. तिथं मतदान अजून सुरू होतं. दहाच्या सुमारास घोषणा मागे घेतली. मध्यरात्रीनंतर दोनच्या पुढे बुश जिंकल्याचं जाहीर झालं. त्या सुमारास व्होलुशिया काउंटीतल्या एका केंद्राच्या मेमरी कार्डमुळे गोर यांच्या बेरजेतून तब्बल १६,०२२ मतं वजा झालेली होती. काउंटीने ती चूक दुरुस्त केली, पण तोवर आकडे वाहिन्यांकडे पोचले होते. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केलं, नॅशव्हिलमध्ये पराभव मान्य करायचं भाषण द्यायला निघाले, आणि वाटेत कळलं की फरक विरघळत चाललाय. त्यांनी पुन्हा फोन करून आधीचा शब्द मागे घेतला. उजाडताना बुश यांची आघाडी १,७८४ मतांची होती. ६० लाखांच्या आसपास मतदानात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून फार कमी, त्यामुळे राज्याच्या कायद्याने यंत्राने फेरमोजणी आपोआप लागू झाली. ती झाली आणि फरक तीनशेच्या घरात आला.

"मतदाराचा हेतू" म्हणजे नक्की काय?

पंच कार्डात मतदार टोकदार काडीने एक छोटा चौकोनी तुकडा पाडतो. तो तुकडा म्हणजे चॅड. पूर्ण पडला तर प्रकाश आरपार जातो आणि यंत्र मत मोजतं. पण तो एका कोपऱ्याला लटकला, दोन कोपऱ्यांना लटकला, किंवा नुसता खड्डा पडला तर यंत्राच्या दृष्टीने मतच नाही. राज्यभर अशा, अध्यक्षपदाला मत न दिसलेल्या मतपत्रिका सुमारे ६० हजार होत्या. फ्लोरिडाचा कायदा सांगत होता की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत बाद करू नये. हेतू कशावरून स्पष्ट मानायचा, याबद्दल कायद्यात एक ओळ नव्हती.

पाम बीचच्या मंडळाने १९९० च्या जुन्या नियमाने सुरुवात केली : चारही कोपरे चिकटलेले असतील तर मत नाही. मग ठरवलं, प्रकाश दिसला तर मत धरू. मग परत जुन्या नियमावर आले. मग तोही सोडून दिला, आणि वर खालच्या न्यायालयाने सांगितलं की नुसता खड्डा असलेली मतंही विचारात घ्या. हे सगळं एकाच मोजणीत. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये निकष सैल होता, तिथं नवी मतं जास्त सापडली. ब्रॉवर्डचे न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंग डोळ्याला लावून, डोळे मोठे करून कार्डाकडे पाहताहेत, तो फोटो जगभर छापला गेला. लोक हसले. मला तो माणूस प्रामाणिक वाटतो. त्याच्या हातात भिंग होतं, नियम नव्हता.

हाताने मोजायची मागणी गोर यांनी फक्त चार काउंट्यांत केली : पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया. चारही ठिकाणी त्यांच्या पक्षाची मतं भरपूर. कायद्यात राज्यभराची मागणी एकदम करायची सोयच नव्हती, काउंटीगणिक अर्ज द्यायचा होता, हे त्यांच्या बाजूने सांगता येतं. पण ६७ अर्ज देण्यापासून त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पुढे १५ नोव्हेंबरला त्यांनी राज्यभर हाताने मोजायचा प्रस्ताव टीव्हीवरून बुश यांच्यापुढे ठेवला, तो नाकारला गेला. "प्रत्येक मत मोजा" ही त्यांची घोषणा बरोबर होती, म्हणूनच पहिल्या आठवड्यातली ही निवड मला टोचते. तिने त्यांच्या मागणीची नैतिक ताकद अर्धी केली, आणि शेवटची मोजणी पाहता कदाचित अध्यक्षपदही घालवलं.

तारखा

राज्याचा कायदा म्हणत होता, सात दिवसांत आकडे द्या. हजारो कार्डं हाताने तपासायची तर सात दिवस पुरेनात. त्याच कायद्याचं एक कलम म्हणत होतं की उशिरा आलेले आकडे दुर्लक्षित करायचेच. दुसरं म्हणत होतं की दुर्लक्षित करता येतील. "करायचेच" आणि "करता येतील", या दोन क्रियापदांवर पुढचे दोन आठवडे खटले चालले. निर्णय राज्याच्या सचिव कॅथरिन हॅरिस यांच्या हातात होता. त्या निवडणुकीच्या प्रमुख अधिकारी होत्या आणि बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही. गव्हर्नर होते जेब बुश, उमेदवाराचे सख्खे भाऊ. जेब यांनी मतमोजणीच्या राज्य मंडळातून स्वतःला बाजूला केलं, हॅरिस यांनी केलं नाही. बेकायदा काही नव्हतं. हे कायदेशीर असणं हीच तर गोची आहे.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत २६ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. दरम्यान परदेशातून आलेल्या टपाली मतांनी बुश यांची आघाडी ९३० वर नेली होती. मायामी-डेडने २२ तारखेला मोजणी सोडून दिली. मुदतीत होणार नाही हे कारण दिलं गेलं, आणि त्याच दिवशी मोजणीच्या खोलीबाहेर बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आरडाओरडा करून दारं ठोठावली होती. पाम बीचच्या लोकांनी थँक्सगिव्हिंगला सुट्टी घेतली, शेवटची रात्र जागून काढली आणि २६ तारखेला संध्याकाळी पाचची वेळ सुमारे दोन तासांनी चुकवली. हॅरिस यांनी त्यांचे आकडे घेतले नाहीत. बुश ५३७ मतांनी विजयी, असं प्रमाणपत्र निघालं.

गोर न्यायालयात गेले. पुरावा म्हणून पाम बीच आणि मायामी-डेडमधल्या दहा लाखांहून अधिक मतपत्रिका भाड्याच्या ट्रकमधून राजधानी टॅलाहासीला आणल्या; पाम बीचचा पिवळा ट्रक महामार्गावरून जाताना हेलिकॉप्टरमधून थेट दाखवत होते. खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश सँडर्स सॉल्स यांनी त्यातली एकही मतपत्रिका न पाहता दावा फेटाळला. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला : राज्यभरात जिथं यंत्राला मत दिसलं नाही त्या सगळ्या मतपत्रिका हाताने तपासा, आणि पाम बीच व मायामी-डेडमध्ये आधीच सापडलेली मतं धरा. एवढ्यानेच बुश यांची आघाडी दोनशेच्या खाली आली.

९ डिसेंबरला, शनिवारी सकाळी मोजणी सुरू झाली. टॅलाहासीच्या सार्वजनिक ग्रंथालयात न्यायाधीश मायामी-डेडची कार्डं एकेक करून पाहत होते. दुपारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती दिली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी कारण लिहिलं : ज्यांची वैधता संशयास्पद आहे अशी मतं मोजली तर बुश यांच्या विजयाच्या वैधतेवर सावट येऊन त्यांचं भरून न येणारं नुकसान होईल. मोजल्याने नुकसान होतं, न मोजल्याने होत नाही, हे मला आजही पटत नाही.

निकाल १२ डिसेंबरला रात्री दहाच्या सुमारास आला. काउंटीगणिक वेगळा निकष म्हणजे समान संरक्षणाच्या हक्काचा भंग, या मुद्द्याशी सात न्यायमूर्ती कमी-अधिक सहमत होते, आणि तो मुद्दा खरा होता. पाम बीचची ती बदलती पट्टी आपण वर पाहिलीच. पण मग एकच निकष ठरवून पुन्हा मोजा, असं पुढचं वाक्य यायला हवं होतं. पाच न्यायमूर्ती म्हणाले, वेळ संपली. १८८७ च्या मतगणना कायद्यानुसार राज्याने आपला वाद इलेक्टरांच्या बैठकीच्या सहा दिवस आधी मिटवला तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो निकाल मानायचा. ती तारीख होती १२ डिसेंबर, म्हणजे तीच रात्र. दोन तास उरले होते. मधले तीन दिवस न्यायालयाच्याच स्थगितीत गेले होते, आणि ती तारीख चुकली तर निकाल रद्द होतो असं तो कायदा म्हणतच नाही. फक्त ते संरक्षण जातं. निकालात असंही लिहिलं की आमचा विचार याच परिस्थितीपुरता मर्यादित आहे. वेगवेगळ्या यंत्रांवर मतं देणाऱ्या उरलेल्या अमेरिकेला त्यामुळे या समानतेचा आधार घेता येणं अवघड झालं.

त्याच निकालात ते जुनं वाक्यही आहे : राज्याच्या विधिमंडळाने मतदानाची पद्धत निवडली नाही तोवर नागरिकाला अध्यक्षाच्या इलेक्टरांसाठी मत देण्याचा घटनात्मक हक्क नाही. कायद्याने हे बरोबर आहे. फ्लोरिडाच्या प्रतिनिधीगृहाने त्याच दिवशी ७९ विरुद्ध ४१ मतांनी बुश यांचे इलेक्टर थेट नेमण्याचा ठरावही केला. न्यायालयाने मोजणी होऊ दिली असती आणि गोर पुढे गेले असते, तर एका राज्यातून इलेक्टरांच्या दोन याद्या वॉशिंग्टनला पोचल्या असत्या. प्रतिनिधीगृह रिपब्लिकन, सिनेट जानेवारीच्या सुरुवातीला ५०–५०, आणि बरोबरी फोडणारं मत उपाध्यक्ष म्हणून गोर यांचं. दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर १८८७ च्या कायद्याने गव्हर्नरची सही असलेली यादी ग्राह्य. गव्हर्नर जेब बुश.

१३ तारखेला गोर यांनी पराभव मान्य केला. १८ डिसेंबरला इलेक्टर आपापल्या राजधानीत जमले. बुश २७१, गोर २६६, वॉशिंग्टन डी.सी.च्या एका इलेक्टरने राजधानीला काँग्रेसमध्ये मताधिकार नसल्याच्या निषेधात मतपत्रिका कोरी टाकली. ६ जानेवारीला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत अध्यक्षस्थानी गोरच होते. कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटातले एकेक प्रतिनिधी फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घ्यायला उभे राहिले. नियम असा होता की हरकतीवर किमान एका सिनेटरचीही सही हवी. शंभरातल्या एकानेही केली नाही, आणि स्वतःच्या बाजूच्या त्या हरकती गोर यांनी एकेक करून नियमबाह्य ठरवल्या.

मग खरं कोण जिंकलं?

वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांनी मिळून शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी या संशोधन संस्थेकडून न मोजलेल्या १ लाख ७५ हजार मतपत्रिका तपासून घेतल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेलं उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचं होतं. गोर यांनी मागितलेल्या काउंट्यांतली मोजणी पुरी झाली असती तरी बुश जिंकले असते. न्यायालयाने थांबवलेली मोजणी झाली असती तरी बहुधा बुशच. पण एकाहून जास्त खुणांमुळे बाद झालेल्यांसह राज्यातली प्रत्येक मतपत्रिका हाताने पाहिली असती, तर गोर अगदी थोड्या मतांनी पुढे गेले असते. उदाहरणार्थ, काही मतदारांनी गोर यांच्यापुढे खूण केली आणि खाली कोऱ्या जागेत पुन्हा त्यांचंच नाव लिहिलं. हेतू आरशासारखा स्वच्छ, मत मात्र बाद. असं सगळं मोजा, ही मागणी न्यायालयात कुणीच केली नव्हती.

२००२ च्या कायद्याने पंच कार्ड बदलायला राज्यांना पैसा दिला, नाव यादीत सापडलं नाही तर तात्पुरतं मत द्यायची सोय केली आणि निवडणूक साहाय्य आयोग स्थापन केला. पण त्या आयोगाच्या सूचना ऐच्छिक. मतपत्रिका अजून काउंटीच मांडते. १८८७ चा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये सुधारला गेला, तोही २०२१ च्या ६ जानेवारीला संसदेवर हल्ला झाल्यानंतर. आता हरकतीला प्रत्येक सभागृहातल्या एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि उपाध्यक्षाचं काम केवळ औपचारिक आहे, असं कायद्यातच लिहिलंय.

आणि ब्रॉवर्ड काउंटी? २०१८ च्या सिनेट निवडणुकीत तिथल्या मतपत्रिकेवर सिनेटची स्पर्धा डाव्या रकान्यात, तीन भाषांतल्या लांबलचक सूचनांच्या खाली गेली. स्पर्धा अशी सूचनांखाली ठेवू नये, असं साहाय्य आयोगाने आधीच सांगितलं होतं. काउंटीत गव्हर्नरपेक्षा सिनेटला सुमारे २५ हजार मतं कमी पडली. राज्यात रिक स्कॉट १०,०३३ मतांनी जिंकले. यंत्राच्या फेरमोजणीचे आकडे ब्रॉवर्डने मुदतीनंतर दोन मिनिटांनी पाठवले, म्हणून राज्याने ते घेतले नाहीत. पुढे त्या मतपत्रिका हाताने पाहिल्या तेव्हा बहुतेकींवर सिनेटची जागा खरोखर कोरी होती : या खेपेला मोजणी चुकली नव्हती, मतदाराला ती स्पर्धा दिसलीच नव्हती, आणि त्यावर फेरमोजणीचा कुठलाही कायदा लागू पडत नाही.